शंका-समाधान : उन्हात तापलेला अर्ध्या मैलाचा ट्रॅक

मागील अंकात स्टॉक कार, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या गाडीच्या धर्तीवर बनवलेल्या गाड्यांच्या, शर्यतींची ओळख करून देणारा लेख आल्यानंतर सीमाभागातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी छोटा ट्रॅक आणि उन्हाळा यांविषयीची चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. ब्रिस्टल येथील पहिल्याच शर्यतीत विजेता ठरलेला चालक शेवटच्या फेरीत गाडीत नव्हता, कारण उष्णतेमुळे तो आधीच उतरला होता, असे लेखात वाचले. आमचे चालक मे महिन्याच्या उन्हात चेन्नईपर्यंत ट्रक नेतात. अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, तेही मोठ्या ट्रॅकपेक्षा कमी वेगाने फिरणाऱ्या माणसाला एवढे काय होते? आणि दुसऱ्याने पुरी केलेली शर्यत पहिल्याच्या नावावर कशी लागते?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : ती शर्यत ३० जुलै १९६१ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यात झाली. सुमारे ८०० मीटरच्या लंबगोल ट्रॅकवर ५०० फेऱ्या मारायच्या होत्या, म्हणजे एकूण ४०० किलोमीटर. बेळगावहून निघालेला माणूस एवढ्या अंतरात पुण्याच्याही पुढे जाईल. जॅक स्मिथ यांनी २९० फेऱ्या पुऱ्या केल्या, परंतु पायाखालचा पत्रा इतका तापला होता की त्यांचे पाय भाजू लागले आणि उरलेल्या २१० फेऱ्या जॉनी ॲलन यांनी मारल्या. सुरुवात केलेल्या ४२ गाड्यांपैकी १९ गाड्याच अखेरपर्यंत टिकल्या. ज्याने शर्यत सुरू केली त्याच्या नावावर निकाल लागतो, असा नियम असल्याने विजय स्मिथ यांचा धरला गेला. ॲलन यांचे श्रम मात्र विसरता कामा नयेत, असे मला मनापासून वाटते.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळतो. आपला चालक तवंदी घाट ओलांडला की सरळ रस्त्याला लागतो, पाठ टेकतो, खिडकीतून वारा घेतो आणि वाटलेच तर ढाब्यावर गाडी लावून तोंडावर पाणी मारतो. छोट्या ट्रॅकवर नेमका हाच विसावा मिळत नाही. आजच्या गाड्या ब्रिस्टलची एक फेरी साधारण १५ सेकंदांत पुरी करतात आणि तेवढ्यात दोन्ही टोकांची वळणे येऊन जातात. म्हणजे ५०० फेऱ्यांत १,००० वेळा गाडी वळवायची, वळणातला उलटा जोर मानेने आणि खांद्यांनी पेलायचा, आणि पुढच्या गाडीपासून हातभर अंतर राखायचे. डेटोनासारख्या अडीच मैलांच्या ट्रॅकवर सरळ भागात पकड जराशी सैल करता येते, पाण्याचा घोट घेता येतो. येथे सरळ भाग सुरू होतो न होतो तोच संपतो.

त्यात इंजिनाची आणि धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्यांची धग पत्र्यातून आत येत राहते. गाडीच्या आत तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. अंगावर आगीपासून वाचवणारा अनेक पदरी पोशाख असतो, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. एका शर्यतीत चालकाचे वजन घामामुळे काही किलोंनी उतरते. हल्ली बारीक नळ्यांतून थंड पाणी फिरवणारा सदरा घालतात आणि हेल्मेटमध्ये हवा सोडतात. मात्र त्या सदऱ्याचा पंप बंद पडला तर तेच पाणी तापून अंगाला चटके देऊ लागते. कमी वेग म्हणजे कमी त्रास हा समज म्हणूनच सोडून द्यावा. थकवा वेगाने जितका येतो, त्याहून अधिक उसंत न मिळाल्याने येतो.

प्रश्न : या गाड्यांची उजवीकडची चाके डावीकडच्यांपेक्षा मोठी असतात, हे खरे आहे का? तसेच टायरमध्ये नायट्रोजन भरल्याने उन्हाळ्यात दाब वाढत नाही, असे पेट्रोल पंपावर सांगतात. ते कितपत बरोबर आहे?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : पहिली गोष्ट खरी आहे. तळाशी निमुळता असलेला स्टीलचा पेला जमिनीवर आडवा ठेवून ढकलून पाहावा. तो सरळ न जाता बारीक टोकाच्या बाजूला वळत जातो. लंबगोल ट्रॅकवर गाड्या डावीकडेच वळत असल्याने उजव्या टायरचा घेर किंचित मोठा ठेवतात. मागची दोन्ही चाके एकाच एक्सलला घट्ट जोडलेली असतात अशा गाड्यांत याचा विशेष उपयोग होतो.

दुसरी गोष्ट मात्र अर्धवट आहे. नायट्रोजनही तापला की साध्या हवेइतकाच फुगतो. समजा, २५ अंश तापमानाला टायरमध्ये ३० पौंड दाब भरला आणि आतला वायू ८० अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे ३८ पौंडांवर जातो. टायर फुगल्याने आकारमानात होणारा थोडासा बदल यात धरलेला नाही. शर्यतीत नायट्रोजन वापरतात तो कोरडा असतो म्हणून. कॉम्प्रेसरच्या हवेत ओलावा असतो, त्याची वाफ झाली की दाब किती वाढेल याचा अंदाज चुकतो. पथकांना दाब वाढणार हे ठाऊकच असते, किती वाढेल हे आधी कळावे एवढाच त्यांचा प्रयत्न असतो, आणि म्हणून सुरुवातीला हवा मुद्दाम कमी भरतात.

उन्हात डांबर ५५ ते ६० अंशांपर्यंत तापते. त्यावर टायरचे रबर आपल्या कामाच्या तापमानापलीकडे गेले की पकड घटते, गाडी वळणात बाहेर सरकू लागते आणि चालकाला ॲक्सिलरेटर हळूच दाबावा लागतो. दुपारी घसरडा झालेला तोच ट्रॅक ऊन उतरल्यावर पुन्हा पकड देतो. म्हणूनच अनुभवी चालक सायंकाळचा विचार करून टायर राखून ठेवतो. हा संयम मला या खेळातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

प्रश्न : मी उद्यमबागेत बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतकामावर मशीनिंग करतो. शर्यतीत ब्रेकची तबकडी लालभडक होते, तरी ती फुटत कशी नाही?
— एक कामगार, बेळगाव

उत्तर : आपण ज्या धातूवर काम करता त्याचाच हा गुण आहे. राखाडी बीडातील ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता लवकर पसरते आणि कंपने शोषली जातात, म्हणून हे बीड ब्रेकसाठी निवडतात; शिवाय तबकडीच्या आत हवा खेळण्यासाठी वाटा ठेवलेल्या असतात आणि गाडीच्या पुढून नळीने वारा आणून त्यावर सोडतात. तरीही तडे जातातच. अमेरिकेतील ०.५२६ मैलांच्या मार्टिन्सव्हिल ट्रॅकवर वळणे जवळजवळ सपाट असल्याने ब्रेक फार जोरात दाबावे लागतात आणि ती धग रिममधून टायरच्या कडेपर्यंत पोहोचते. मग टायरचा वरचा भाग चांगला असूनही रिमवर बसणारी कड वितळते आणि हवा जाते. यावर उपाय चालकाच्या पायातच असतो : ब्रेक थोडा आधी, थोडा हलका.

प्रश्न : ऊस तुटल्यावर मोकळ्या झालेल्या रानात उन्हाळ्यात जुन्या गाड्यांची अशी शर्यत घ्यावी, असा आमच्या मंडळाचा विचार आहे. मार्गदर्शन करावे.
— एक मंडळ कार्यकर्ता, चिकोडी तालुका

उत्तर : आपला उत्साह कळतो, तरीही अशी शर्यत घेऊ नये, असेच मी स्पष्टपणे सांगेन. जुन्या गाडीत चालकाभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा नसतो, इंधनाची टाकी सुरक्षित नसते आणि बांधावर उभ्या असलेल्या प्रेक्षकांसमोर भिंतही नसते. मोटार शर्यतींसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेची परवानगी आणि चालकाकडे तिचा परवाना असावा लागतो. मुलांना खरोखर शिकायचे असेल तर कोल्हापूरकडे गो-कार्टिंगची सोय आहे, तेथून सुरुवात करावी.

तेथेही उन्हाचे भान ठेवावेच लागेल. आपल्याकडे गाडा शर्यतीत बैल धापा टाकू लागला की जाणता मालक त्याला सोडून सावलीत बांधतो. माणसाच्या बाबतीत तो निर्णय त्याच्यावर सोपवू नये, कारण उष्माघाताची सुरुवात झालेल्या माणसाला आपले बिघडले आहे हेच उमगत नाही. बोलणे असंबद्ध होणे, तोल जाणे, अंग तापणे यांपैकी काहीही दिसले की त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, जाड कपडे काढावेत, अंगभर गार पाणी ओतून वारा घालावा, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये आणि दवाखान्यात हलवावे. त्याच्या जागी बसणारा दुसरा चालक कोण, हे सकाळीच ठरवून ठेवावे.