अठरा हजारांत घर चालेल, पण घर कोणाचं?

प्रश्न : वय ५१. गोव्यात डिचोलीहून वेर्ण्याच्या कारखान्यात २२ वर्षं नोकरी, बसमध्ये रोज तीन-साडेतीन तास जातात. मूळ पगार २६ हजार. पीएफ २१ लाख, ठेवी १२ लाख, कर्ज नाही. मुलगी कॉलेजात. आजोबांच्या घरात आई, आम्ही दोघं आणि मुलगी. महिना १८ हजारांत भागतं. नोकरी सोडून आईजवळ राहावं, काजूची बाग बघावी, घराचं छप्पर दुरुस्त करावं, असं ठरवतोय. जमेल का?

उत्तर : पूर्ण सोडलीत तर ओढाताण होईल. अर्धी सोडलीत तर जमेल.

ग्रॅच्युइटी धरून (२६ दिवसांचा महिना धरून १५ दिवसांचा मूळ पगार १५ हजार, गुणिले २२ वर्षं, म्हणजे ३ लाख ३० हजार) तुमच्याकडे ३६ लाख ३० हजार होतात. त्यातून मुलीचे ४ लाख, छपराचे ३ लाख आणि अडीनडीचे २ लाख बाजूला काढा. उरले २७ लाख ३० हजार. सात टक्क्यांनी वर्षाला १ लाख ९१ हजार.

आता खर्च. १८ हजार हा महिन्याचा आकडा झाला. चवथ त्यात नाही. पाच दिवसांचा गणपती, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान, भरलेलं घर, यात वीस हजार कधी जातात कळत नाही. घरपट्टी, स्कूटरचा विमा, देवस्थानची वर्गणी, लग्नातले आहेर हेही नाहीत. वर्षाचे ६० हजार धरा. एकूण २ लाख ७६ हजार, म्हणजे महिना २३ हजार. दरसाल ८५ हजार मुद्दलातून जाणार, आणि सहा टक्के महागाईने हेच २३ हजार बारा वर्षांत ४६ हजार होणार. ५८व्या वर्षी पीएफची पेन्शन येईल ती चार हजारांच्या आत, कारण ऑगस्ट २०१४पर्यंतची सेवा ६,५०० रुपये पगाराच्या मर्यादेवर मोजतात आणि पुढची १५ हजारांच्या.

अर्धी सोडायची म्हणजे घराजवळचं कमी पगाराचं काम धरायचं. डिचोली किंवा साखळीत महिना १२ हजारांचं काम मिळालं, तर वर्षाला फक्त १ लाख ३२ हजार व्याजातून लागतील आणि ५९ हजार व्याज मुद्दलात पडेल. बाकी वेळ आईचा. काजूचं उत्पन्न मी शून्य धरलंय. मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा आली की बिया हातात किती येतील ते कोणीच सांगू शकत नाही. पैसे आले तर चवथीला वापरा.

खरी भीती मला छपराची वाटते. घर आजोबांच्या नावावर असेल आणि इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया) झालेली नसेल, तर ते तुमचं एकट्याचं नाही. गोव्याच्या कायद्यात मुलींचा हिस्सा मुलग्यांइतकाच, आणि बहुतेक लग्नांत मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक, म्हणून बहिणीइतकीच तिच्या यजमानांची सहीही लागते. उद्या कोणी इन्व्हेंटरी घातली आणि वारसांमध्ये लिलाव झाला, तर नवे वासे आणि नळे (कौलं) जास्त बोली लावणाऱ्याला जातील. तुमचे ३ लाख वसूल करायला वेगळं भांडावं लागेल. बागेचंही तेच. आधी एक-चौदाचा उतारा (जमीन कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा) काढा, वकिलाकडून वारसांची यादी करून घ्या आणि सगळ्यांची लेखी संमती मिळाल्यावरच सुताराला बोलवा. तोवर गळतंय तिथले नळे बदलून भागवा.

कंपनीचा आरोग्य विमा बहुधा नोकरीबरोबरच संपेल. नोकरी चालू असतानाच दोघांची स्वतंत्र पॉलिसी घ्या. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती मुदत आताच सुरू होईल. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डाचं नूतनीकरण करा. चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आईला ते कार्ड आणि बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, एवढाच आधार धरून चला.

पीएफ एकदम काढू नका. नोकरी सुटल्यावरही ५८पर्यंत त्यावर व्याज जमा होतं (ते मात्र करपात्र असतं), आणि २१ लाख खात्यात आल्याचं कळलं की उसने मागणारे येतातच. आधी ठेवी वापरा.

एक गोष्ट खटकली. पत्रात पत्नीचं मत कुठेच नाही, आणि २३ हजारांत घर चालवायचं ते बहुतेक तिलाच. राजीनाम्याआधी दोघांनी मिळून तीन महिने तेवढ्याच पैशांत राहून बघा, वहीत रोज लिहा. सुरुवात चवथीच्या महिन्यापासून करा.