ब्रेकपॉइंट लावलाच नाही, तरी डीबगर थांबतो कसा?

प्रश्न : एक्लिप्समध्ये (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) स्प्रिंग बूटचा (जावातलं तयार फ्रेमवर्क) प्रोजेक्ट डीबग मोडमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या मोडमध्ये, चालवला की दरवेळी सायलेंटएक्झिटएक्सेप्शन असं काहीतरी दाखवून अडकतो. ती फाइल माझी नाहीच. सगळे ब्रेकपॉइंट (इथे थांब असं सांगणाऱ्या कोडातल्या खुणा) उडवले, एक्लिप्स बंद करून चालू केलं, वर्कस्पेस नवीन घेतलं, तरी तेच. एफ८ (पुढे चालू) दाबलं की ॲप नीट चालतं, पण रोज किती वेळा दाबायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या कोडात काही बिघडलंय हे आधी डोक्यातून काढून टाका. प्रोजेक्टमध्ये स्प्रिंग बूट डेव्हटूल्स ही मदतीची लायब्ररी टाकलेली असणार बघा, हे त्याचंच काम आहे. आपण कोड बदलला की ॲप आपोआप रीस्टार्ट होतं ना, ते जमावं म्हणून डेव्हटूल्स तुमचं ॲप मूळ मेन थ्रेडवर (थ्रेड म्हणजे प्रोग्राम चालण्याची एक स्वतंत्र वाट) ठेवतच नाही, रीस्टार्टेडमेन नावाचा वेगळा थ्रेड काढून त्यात चालवतं आणि मग मेन थ्रेडला गपचूप घरी पाठवायचं म्हणून मुद्दाम एक एक्सेप्शन (प्रोग्राममधला अडचणीचा इशारा) फेकतं, तेच हे. ते कुठल्याच कॅचमध्ये (एक्सेप्शन पकडणारा कोड) अडकत नाही, आणि न पकडलेलं एक्सेप्शन दिसलं की थांबायचं ही एक्लिप्सची सेटिंग पहिल्यापासून ऑनच असते. मग नवीन वर्कस्पेस घेऊन काय होणार, तिथेही ती ऑनच.

पुन्हा अडकलं की डीबग व्ह्यूमध्ये मेन थ्रेडच्या पुढे कंसात काय लिहिलंय ते वाचा. ‘सस्पेंडेड’च्या पुढे ‘एक्सेप्शन’ हा शब्द दिसेल. तुमच्याच ब्रेकपॉइंटवर थांबलं असतं तर तिथे ‘ब्रेकपॉइंट ॲट लाइन’ आणि पुढे नंबर आला असता. कोणी थांबवलंय ते तिथेच कळतं, पण ते न वाचता लोक सरळ सगळे ब्रेकपॉइंट डिलीट करत सुटतात आणि मग आठवडाभराने म्हणतात, अरे तो पेमेंटवाला ब्रेकपॉइंट कुठे गेला.

उपाय सोपा आहे. विंडो, प्रेफरन्सेस, जावा, डीबग असं जा आणि ‘सस्पेंड एक्झिक्युशन ऑन अनकॉट एक्सेप्शन्स’ची टिक काढा, झालं. फक्त यानंतर खरंखुरं नलपॉइंटर (रिकाम्या व्हेरिएबलमुळे येणारं एक्सेप्शन) फुटलं तरी एक्लिप्स थांबणार नाही, कन्सोलवर स्टॅक ट्रेस (चूक कुठून आली त्या ओळींची यादी) येईल तेवढाच. मला स्वतःला ते चालतं. तुम्हाला चालत नसेल तर ब्रेकपॉइंट्स व्ह्यूमधून फक्त नलपॉइंटरएक्सेप्शनसाठी वेगळा एक्सेप्शन ब्रेकपॉइंट लावून ठेवा. किंवा ऑटो रीस्टार्ट तसंही वापरत नसाल तर रन कॉन्फिगरेशनच्या व्हीएम आर्ग्युमेंट्समध्ये स्प्रिंग डॉट डेव्हटूल्स डॉट रीस्टार्ट डॉट एनेबल्ड ही प्रॉपर्टी फॉल्स करा, म्हणजे ते एक्सेप्शन फेकलंच जाणार नाही.

आणि तुमचे स्वतःचे ब्रेकपॉइंट थोडा वेळ नको असतील तर डिलीट कशाला करताय, कंट्रोल-ऑल्ट-बी दाबा, सगळे स्किप होतात, परत दाबलं की परत चालू. (हे बटण चुकून दाबलं गेलं की ‘माझा ब्रेकपॉइंट लागतच नाही’ अशी उलटी तक्रार येते, तेही लक्षात असू द्या.) लूपमध्ये दरवेळी थांबून वैताग येत असेल तर ब्रेकपॉइंट प्रॉपर्टीजमध्ये कंडिशन टाका, म्हणजे हवी ती ऑर्डर आली तरच थांबेल. उडवायचेच असले तर आधी एक्सपोर्ट करून ठेवा, कारण ते वर्कस्पेसमध्ये राहतात, गिटमध्ये (कोडाचे बदल जपणारी यंत्रणा) जात नाहीत.

प्रश्न : क्रोममध्ये पेज कुठल्यातरी मिनिफाय केलेल्या (जागा वाचवायला आकसलेल्या) फाइलमध्ये थांबतं, तेही मी न सांगता.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : क्रोमच्या डेव्हलपर टूल्सच्या सोर्सेस टॅबमध्ये ‘पॉज ऑन कॉट एक्सेप्शन्स’ची टिक राहिलेली असते बहुतेक, ती काढा. नसेल तर कोणीतरी कोडात ‘डीबगर’ ही ओळ तशीच ठेवलीय. तुमच्या कोडात असेल तर सरळ काढून टाका, दुसऱ्याच्या लायब्ररीत असेल तर त्या लाइन नंबरवर राइट क्लिक करून ‘नेव्हर पॉज हिअर’ निवडा.