इंग्लंडमधले खेडे कितपत सुरक्षित? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

इंग्लंडमधल्या गुन्ह्यांच्या नोंदी वाचणे हे माझे रोजचे काम आहे. शहर सोडून लहान खेड्यात राहायला जाणारी मराठी कुटुंबे आता वाढली आहेत आणि त्यांच्या, तसेच भारतातल्या त्यांच्या आईवडिलांच्या पत्रांतही सुरक्षिततेचा प्रश्न वारंवार येतो. त्यांपैकी काही निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई ग्लॉस्टरशरमधल्या सहाशे वस्तीच्या एका खेड्यात घर घेत आहेत. तेथे पर्यटक पुष्कळ येतात. घरांची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळावर तिथला गुन्ह्यांचा दर शेजारच्या शहरापेक्षा जास्त दाखवला आहे. आम्ही त्यांना थांबवावे का? – एक आई, पुणे

उत्तर: एवढ्या कारणासाठी थांबवू नका. आधी तो दर कसा काढला आहे, ते पाहू. दर हजार रहिवाशांमागे वर्षभरात किती गुन्हे नोंदले गेले, हा तो आकडा असतो. समजा, सहाशे वस्तीच्या गावात वर्षाला २४ गुन्हे नोंदले गेले, तर दर हजारी ४० झाला. पण त्यांतल्या १२ नोंदी वाहनतळावर उभ्या असलेल्या पर्यटकांच्या गाड्या फोडल्याच्या असतील, तर त्यांत गावकऱ्यांचे काहीच गेलेले नाही. तरीही भागाकार करताना भाजक म्हणून रहिवाशांची संख्याच घेतली जाते, पर्यटकांची नाही. ग्लॉस्टरशरमधलेच बायबरी घ्या. वस्ती जेमतेम सहाशेच्या आसपास, आणि दगडी घरांची ती प्रसिद्ध रांग पाहायला उन्हाळ्यातल्या एकेका दिवशी त्याच्या कित्येक पट माणसे येतात. अशा गावाचा दर हजारी आकडा मुळातच फसवा असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, सहाशे वस्तीत एक गुन्हा वाढला की दर हजारी जवळजवळ पावणेदोनने वाढतो. साठ हजारांच्या शहरात तोच एक गुन्हा आकड्यात दिसतसुद्धा नाही. गेल्या वर्षी सहा आणि यंदा नऊ घटना घडल्या, तर 'गुन्ह्यांत ५० टक्के वाढ' असे छापता येते. ते खोटे नसते, पण त्यावरून घर घेण्याचा निर्णय करणे चुकीचे ठरेल.

तिसरी गोष्ट नकाशाची. २०११ पासून पोलिसांच्या संकेतस्थळावर कोणत्याही भागातले महिन्याचे गुन्हे नकाशावर पाहता येतात. मात्र बळी पडलेल्या माणसाची ओळख उघड होऊ नये म्हणून घटना नेमक्या जागी न दाखवता जवळच्या एका ठरावीक बिंदूवर दाखवतात, आणि या प्रत्येक बिंदूच्या टापूत किमान आठ टपाल पत्ते असावेत किंवा एकही नसावा, असा नियम आहे. शहरात त्यामुळे पन्नास-शंभर मीटरचा फरक पडतो. विरळ वस्तीत मात्र मैलभर दूरच्या शेतावरची घटना तुमच्या गल्लीच्या नावावर दिसू शकते. शिवाय हा नकाशा पेट्रोल पंप, सुपरमार्केट, इतकेच काय तर तुरुंगही बिंदू म्हणून दाखवतो. यॉर्कशरमधल्या फुल सटन या लहानशा गावाजवळ अतिसुरक्षित तुरुंग आहे. कैद्यांमधली मारामारी नोंदली गेली की ती त्याच परिसराच्या खात्यात जमा होते.

म्हणून मुलीला सांगा की दर बाजूला ठेव आणि तीन वर्षांच्या नोंदी महिन्यागणिक, एकेक करून वाच. सहाशे वस्तीच्या गावासाठी ते एका संध्याकाळचे काम आहे. घरफोडी किती, कोणत्या महिन्यांत, एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा का, एवढे पाहिले की गावाचे खरे चित्र समोर येते. ग्रामीण भागातला गुन्ह्यांचा दर एकूणात शहरांपेक्षा कमीच आहे, हेही आपण लक्षात ठेवावे.

प्रश्न: आम्ही पाहिलेल्या घराजवळ नकाशावर 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' या सदरात वर्षात नऊ नोंदी आहेत. चारशे वस्तीच्या गावात हे फार भयंकर वाटते. – एक संगणक अभियंता, रेडिंग

उत्तर: सदराचे नाव वाचून धडकी भरते, हे मी समजू शकतो. पण या एका सदरात किरकोळ धक्काबुक्कीपासून बलात्कारापर्यंत सारे एकत्र येते. जखम न झालेली झटापट, पाठलाग, छळ, धमकीचे संदेश हे सगळे त्यातच मोजतात. एकाच घरातल्या एकाच तंट्यातून वर्षभरात चार-पाच नोंदी होणे अगदी नेहमीचे आहे. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसावर हल्ला होणे खेड्यात फार विरळा. या नोंदींतली बरीच हिंसा घराच्या चार भिंतींआड, ओळखीच्या माणसाकडून झालेली असते.

नोंदी वाढल्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते चांगले आहे. २०१४ मध्ये पोलिसांच्या नोंदींची तपासणी झाली, तेव्हा कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच जात नव्हते, आणि हिंसेच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते, असे आढळले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला पोलिसांच्या आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जाही, म्हणजे आकडे विश्वासार्ह असल्याची अधिकृत मोहोर, काढून घेण्यात आला होता. त्यानंतर नोंदणी सुधारली आणि आकडे चढले. दीर्घ काळाचा कल पाहायचा असेल तर १९८२ पासून चालत आलेले, लोकांना थेट विचारून केले जाणारे गुन्हे सर्वेक्षण पाहावे. त्यानुसार १९९० च्या दशकाच्या मध्यापासून हिंसा आणि चोऱ्या दोन्ही पुष्कळ घटल्या आहेत.

प्रश्न: गावात पोलीस ठाणेच नाही. काही झाले तर येणार कोण? – एक वाचक, नाशिक

उत्तर: इंग्लंडमधल्या बहुतेक खेड्यांत पोलीस ठाणे नसते. पूर्वी गावचा पोलीस राहत असे ते घर विकले गेले आहे, आणि दारावरच्या पाटीवर 'जुने पोलीस घर' एवढे नाव तेवढे उरले आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून ४३ प्रादेशिक पोलीस दले आहेत. तुमच्या गावाला त्यांपैकी एकाचे स्थानिक पथक नेमून दिलेले असते. त्यात २००२ च्या कायद्याने आलेले समुदाय साहाय्यक अधिकारी असतात. त्यांना पोलिसांसारखा अटकेचा अधिकार नसतो, पण गावात कोण कोण राहते हे त्यांनाच ठाऊक असते. जिवाला धोका असेल किंवा चोर अजून घरात असेल, तर ९९९ फिरवा. घटना घडून गेली असेल तर १०१. घरफोडी झाली की प्रत्यक्ष घरी जायचे, असे सर्व दलांनी २०२२ मध्ये मान्य केले आहे.

पण खेड्यात पोलीस पोहोचायला वेळ लागतो, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. शेजाऱ्यांचे महत्त्व म्हणूनच आहे. ब्रिटनमधली पहिली शेजार-राखण योजना १९८२ मध्ये सुरू झाली, ती लंडनमध्ये नव्हे, तर चेस्टरजवळच्या मॉलिंग्टन नावाच्या एका छोट्या खेड्यात. आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळ जाणारी पॅरिश कौन्सिल बहुतेक गावांत असते. तिच्या सभेला कोणाही रहिवाशाला जाऊन बसता येते. मी गेलेल्या अशाच एका सभेत दहा-बारा माणसे होती आणि साहाय्यक अधिकाऱ्याने महिन्याचा अहवाल वाचला: बागेतल्या शेडमधून गवत कापायचे यंत्र गेले, एक सायकल गेली, आणि कुंपणाच्या झुडपांवरून दोन शेजाऱ्यांत वाद झाला. त्यानंतर तासभर चर्चा झाली ती गावातून भरधाव जाणाऱ्या गाड्यांची. घर घेण्याआधी अशा एका सभेला जाऊन बसावे, असे मी प्रत्येकाला सांगतो.

प्रश्न: माझ्याकडे आईचे आणि सासूबाईंचे मिळून बरेच सोने आहे. खेड्यात ते घरी ठेवावे का? – एक गृहिणी, लेस्टरशर

उत्तर: शक्यतो ठेवू नये. भारतीय घरांत सोने असते हे इथल्या चोरांना चांगले माहीत आहे, आणि दिवाळीच्या सुमारास अनेक पोलीस दले त्याबाबत मुद्दाम सावध करतात. अडचण अशी की बहुतेक मोठ्या बँकांनी लॉकर देणे बंद केले आहे, त्यामुळे खासगी तिजोरी सेवा शोधावी लागते. घरी ठेवायचेच असेल तर जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने जखडलेली तिजोरी घ्या. विमा पत्रात मोठ्या दागिन्यांची नावे स्वतंत्र लिहून घ्या, कारण एका वस्तूच्या भरपाईला साधारणपणे मर्यादा असते.

एक काम मात्र आजच करा. प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र पट्टीशेजारी ठेवून काढा आणि वजन लिहून ठेवा. पाटल्यांच्या आतल्या बाजूला सोनाराची खूण उठवलेली असते, तिचे जवळून वेगळे छायाचित्र घ्या. चोरीचा माल सापडला, तर 'हे माझेच' असे सिद्ध करायला ती इवलीशी खूण सर्वांत उपयोगी पडते. आणखी एक. डिसेंबरात चार वाजताच अंधारून येते आणि दिवा नसलेले घर रस्त्यावरूनही रिकामे दिसते. वेळेवर आपोआप लागणारे दोन दिवे बसवा, आणि मोटारीच्या किल्ल्या दाराजवळच्या खुंटीवर टांगू नका.

प्रश्न: मुलाने शेतावरचे जुने घर भाड्याने घेतले आहे. शेतीच्या चोऱ्या होतात असे ऐकतो. – एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर: होतात, आणि त्या अडाणी चोऱ्या नसतात. ग्रामीण विमा कंपनी एनएफयू म्युच्युअलच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये ५ कोटी २८ लाख पौंडांची ग्रामीण चोरी झाली. २०२४ मध्ये ती ४ कोटी ४१ लाखांवर आली. ट्रॅक्टरमधली जीपीएस उपकरणे आणि क्वाड बाइक यांना चोरांची मोठी मागणी आहे. या टोळ्यांचे लक्ष शेतघरात राहणाऱ्या भाडेकरूपेक्षा अवजारांच्या कोठारावर असते. मुलाने रात्री अनोळखी व्हॅन दिसल्यास तिचा क्रमांक टिपून १०१ वर कळवावा. स्वतः अडवायला जाऊ नये.

प्रश्न: आम्ही दोघे सत्तरीचे, सहा महिने मुलाकडे खेड्यात राहणार आहोत. दिवसभर एकटे असू. – एक वाचक, सोलापूर

उत्तर: दारावर येणाऱ्या चोरापेक्षा फोनवर येणाऱ्या चोराची काळजी अधिक घ्या. गुन्हे सर्वेक्षणानुसार इंग्लंड आणि वेल्समधल्या एकूण गुन्ह्यांपैकी सुमारे ४० टक्के फसवणुकीचे असतात, आणि गावाच्या नकाशावर त्यांतला एकही दिसत नाही. 'गृहखात्यातून बोलतो, तुमच्या व्हिसात चूक आहे, आत्ता पैसे भरा' असा फोन आला तर काही न बोलता ठेवून द्या. बँकेच्या नावाने आला तरीही ठेवा आणि १५९ फिरवा. तो क्रमांक तुम्हाला खऱ्या बँकेशी जोडून देतो.

प्रश्न: लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले. घर गावाबाहेर आहे, बस नाही, पासपोर्ट आणि पैसे त्यांच्याकडे असतात. मारहाण होत नाही, पण मला भीती वाटते. – नाव नको

उत्तर: ताई, हा गुन्हा आहे. पैसे, कागदपत्रे आणि येणेजाणे ताब्यात ठेवून जोडीदाराला सतत दबावाखाली ठेवणे हा इंग्लंडमध्ये २०१५ पासून स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मारहाण व्हावीच लागते असे नाही. ग्रामीण भागात असा छळ शहरापेक्षा अधिक काळ चालतो, कारण एकांत, वाहनाची अडचण आणि 'सगळे सगळ्यांना ओळखतात' हा संकोच, तिन्ही छळणाऱ्याच्या पथ्यावर पडतात.

०८०८ २००० २४७ ही मदतवाहिनी चोवीस तास विनामूल्य आहे आणि दुभाषाही मिळतो. धोका असेल आणि बोलता येत नसेल, तर मोबाइलवरून ९९९ लावून, सांगितल्यावर ५५ दाबा. फोन पोलिसांकडे जातो. त्याने तुमचे ठिकाण आपोआप कळत नाही, म्हणून पत्ता कुजबुजून सांगता आला तर सांगा. नवऱ्याला सोडले की लगेच देश सोडावा लागेल, या भीतीने गप्प राहू नका. कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदारांनाही छळामुळे नाते तुटल्यास २०२४ पासून तीन महिन्यांच्या तात्पुरत्या परवान्यासाठी अर्ज करता येतो आणि त्या काळात सरकारी मदत मिळू शकते. तुमच्या प्रकरणात पुढे काय करता येईल ते मदतवाहिनी सांगेल. नवरा तुमचा फोन तपासत असेल, तर डॉक्टरांच्या दवाखान्यात एकट्याने बोलायची वेळ मागा. बहुतेक गावांतून तिथवर जाण्याचे कारण कोणी विचारत नाही.

प्रश्न: आमची दहा वर्षांची मुलगी शाळेत चालत जाईल. गावात गुन्हे नाहीत, मग काळजीचे कारण नाही ना? – एक वडील, सध्या हॅम्पशर

उत्तर: कारण आहे, पण ते रस्त्याचे आहे. २०२३ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये रस्त्यांवर १,६२४ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक ग्रामीण रस्त्यांवर. गावाबाहेर पदपथ नसतो, दिवा नसतो, दोन्ही बाजूंना उंच झुडपांच्या भिंती असतात, आणि वेगळी पाटी नसेल तर तशा अरुंद रस्त्यावरही ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर वेगाची मुभा असते. पदपथ नसेल तेथे मुलीने उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालावे. उजवीकडे तीव्र वळण आले तर आधीच पलीकडे जावे, म्हणजे चालकाला ती लांबून दिसेल. दप्तराला आणि बाहीला चमकणारी पट्टी शिवून द्या. नोव्हेंबरात शाळा सुटते तेव्हा उजेड संपत आलेला असतो आणि शाळेचा कोट बहुधा काळा किंवा गडद निळा असतो.

आणि एक दिवस शाळेच्या वेळेला तुम्ही स्वतः तो रस्ता तिच्याबरोबर चालून पाहा. आठ वर्षांवरील मुलांना जवळची योग्य शाळा तीन मैलांहून लांब असेल, तर काउंटी कौन्सिलने (गावची पॅरिश कौन्सिल नव्हे, जिल्ह्याच्या स्थानिक प्रशासनाने) मोफत वाहन द्यायचे असते. अंतर कमी असले तरी मोठ्यांच्या सोबतीनेही चालणे धोक्याचे असेल, तर तोच हक्क लागू होतो. वळणांची आणि पदपथ नसलेल्या भागाची छायाचित्रे जोडून तसा अर्ज करा.