कॉल राउटरवर पॅच टाकल्यापासून कॉल डिफॉल्टला जातायत, तो एकच पॅच काढला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की सिस्कोच्या कॉल सेंटर सिस्टिममधल्या राउटरवर (आलेला कॉल कुठे पाठवायचा ते ठरवणारा) दोन ईएस (ठराविक दोषासाठीचे छोटे पॅच) टाकले, कॉल डिफॉल्ट लेबलला (वाट सापडली नाही की कॉल जातो ते ठिकाण) जायला लागले आणि तुमचे लीड म्हणतायत की पहिला संशयास्पद आहे, तेवढाच काढा. नका काढू. दुसरा त्याच्यावर बसलाय. आत शर्ट वर स्वेटर असताना आधी शर्ट काढून बघा घरी.

हे वाचून डोकं फिरलं कारण अगदी हेच वाक्य मी हिंजवडीत ऐकलेलं आहे. क्लायंट अमेरिकेतला, त्यांची मध्यरात्रीची मेंटेनन्स विंडो (बदल करायची ठरलेली वेळ) म्हणजे आपली ऐन जेवायची वेळ, सगळे डबे उघडून बसलेले आणि ब्रिजवर (कॉन्फरन्स कॉलवर) क्लायंटचा माणूस ओरडतोय की कॉल डिफॉल्टला जातायत. आमचा लीड लगेच म्हणाला, परवाचा पॅच असणार, काढून टाक. मी म्हटलं सर, त्याच्यानंतर अजून एक टाकलाय, काढायचेच असतील तर उलट्या क्रमाने, आधी शेवटचा मग त्याच्या आधीचा, पॅचसोबतच्या रीडमीमध्ये स्पष्ट लिहिलंय. तर म्हणे, "अरे रीडमी कोण वाचतं, प्रोग्राम्स अँड फीचर्स उघड, राइट क्लिक, अनइन्स्टॉल, दोन मिनिटांचं काम." आणि माझ्याकडून कंट्रोल घेऊन स्वतःच केलं की हो.

नशीब एवढंच की (राउटरच्या ए आणि बी अशा दोन जोड साइड असतात, एक पडली तरी दुसरी चालते) बी साइडवर केलं, ए वर कॉल चालू होते. अनइन्स्टॉल विनातक्रार झालं, सर्व्हिस कंट्रोलमध्ये राउटर रनिंग दिसतोय, लीड खूश. मी प्रोसेसच्या विंडो बघत होतो, राउटरची विंडो उघडायची, चार ओळी यायच्या आणि गायब, नोड मॅनेजर (पडलेली प्रोसेस उठवणारा) बिचारा परत उठवायचा, परत गायब. व्हायचंच होतं ते. प्रत्येक पॅच आपण बदललेल्या फायलींची जुनी कॉपी ठेवतो आणि काढताना ती परत आणतो, त्यामुळे पहिला काढला की पॅचच्याही आधीच्या फायली येऊन बसल्या आणि बाकीच्या दुसऱ्या पॅचच्या, त्यांचं एकमेकांशी जमणार कसं? आणि यावर साहेबांचा उपाय काय, तर ए साइडवर पण तेच करू, म्हणजे दोन्ही सेम होतील! तेव्हा मात्र मी सरळ सांगितलं की ए ला हात लावायचा असेल तर क्लायंटकडून लेखी मेल घ्या. मेल कोण मागणार, गप्प बसले.

मग बी च्या सर्व्हिस बंद केल्या, आपोआप सुरू होऊ नयेत म्हणून मॅन्युअलवर टाकल्या, उरलेला पॅच काढला, दोन्ही परत क्रमाने टाकले, चालू केल्यावर बी ने प्रायव्हेट नेटवर्कवरून (दोन साइडमधल्या खास लाइनवरून) ए कडून स्टेट म्हणजे चालू स्थिती घेतली आणि आरटीटेस्ट या तपासणीच्या टूलमध्ये स्टेटस मारल्यावर दोन्ही साइड नीट दिसल्या.

आणि कॉल डिफॉल्टला का जात होते? क्लायंटच्याच कोणीतरी राउटिंग स्क्रिप्टची (कॉलची वाट लिहिलेली असते ती) नवी व्हर्जन अॅक्टिव्ह केली होती, त्यात एका कॉल टाइपची वाट अर्धवट सोडलेली. फक्त एकाच नंबरचे कॉल जात होते हो! पॅच बिघडला असता तर सगळेच नंबर रडले असते. हे मी ब्रिजवर सुरुवातीलाच म्हटलं होतं, ऐकतो कोण. वर आरसीएमध्ये (बिघाडाच्या कारणांच्या अहवालात) खापर फुटलं ते "एलटू टीमकडून प्रोसीजर पाळली गेली नाही" असं. एलटू म्हणजे दुसऱ्या पातळीचा सपोर्ट, म्हणजे मी.

तर तुम्ही आधी स्क्रिप्ट एडिटरमध्ये मॉनिटर मोड लावून बघा कॉल कुठल्या नोडवरून निसटतोय, कॉल ट्रेसर चालवा, राउट कॉल डिटेल टेबलात राउटर एरर कोड बघा. सगळे नंबर जातायत की एकच, तेही. त्यानंतरही पॅचच निघाला तर काढा, पण शेवटचा आधी, एक साइड पूर्ण बंद करून, आणि स्क्रिप्ट एडिटर, उघडे लॉग वगैरे बंद करून, नाहीतर फाइल लॉक असते. मग जो हवाय तो परत टाका. काढणं हासुद्धा चेंजच आहे, त्याला वेगळं तिकीट लागतं, टाकायच्या तिकिटात शेवटी "रोलबॅक: अनइन्स्टॉल" एवढं लिहून भागत नाही, हे मी त्या लीडला तेव्हाही सांगत होतो.

हे सगळं विंडोजवरच्या राउटर, लॉगर (डेटाबेस ठेवणारा), पीजीबद्दल (फोन यंत्रणा आणि एजंटना राउटरशी जोडणारा) आहे हं. फिनेसचं (एजंटच्या डेस्कटॉपचं) वेगळं, तिथं कॉप फाइल (पॅचची फाइल) असते, तिची रोलबॅक फाइल आहे का ते टाकायच्या आधीच बघावं लागतं. पीजीवर करणार असाल तर साइड बदलताना एजंट क्षणभर तुटू शकतात, सुपरवायझरला आधी कळवा.

आणि तुमचे लीड "स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची कॉपी) आहे ना, रिव्हर्ट मारू" म्हणत असतील (आमचा म्हणायचाच) तर लॉगरच्या बाबतीत तरी ऐकू नका. डेटाबेस मागे जातो, दुसऱ्या साइडचा पुढेच असतो, आणि मग जुळवत बसा कॉन्फिगरेशन. चालत्या प्रॉडक्शनमध्ये स्नॅपशॉट घेणं तर सिस्को सपोर्टच करत नाही, टॅकला (सिस्कोच्या सपोर्टला) फोन केलात की पहिला प्रश्न तोच येईल.