कायद्याच्या प्राध्यापकांनी चालू सार्वजनिक प्रश्नांवर लिहिल्याने काही बदलते का, आणि त्याचा अध्यापनाशी काय संबंध?

होय, बदलते, मात्र लेखन नेमके हवे. मथुरा प्रकरणात पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये निर्दोष सोडले, कारण अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत म्हणजे संमती होती, असे न्यायालयाने मानले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून, निमूटपणे सहन करणे म्हणजे संमती नव्हे, हा फरक निकालपत्राच्याच आधारे दाखवून दिला. निकाल बदलला नाही, पण त्या पत्राने चेतवलेल्या देशव्यापी आंदोलनानंतर 1983 मध्ये कायदा बदलला. पुरावा कायद्यात कलम 114-अ आले आणि कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने न्यायालयात संमती नाकारली, तर संमती नव्हती असे गृहीत धरणे बंधनकारक झाले.

हे पत्र मला वर्गातही फार मोलाचे वाटते. विद्यार्थी बहुधा निकालाचा सारांश पाठ करतात. मूळ निकालपत्र आणि हे पत्र शेजारी ठेवून वाचले, तर तथ्यांची निवड कशी झाली आणि गृहीतक कोठे शिरले, हे त्यांना स्वतः शोधता येते. (मूळ निकालपत्र न वाचता केलेली टीका, मग ती कितीही तळमळीची असो, येथे उपयोगाची नाही.) चालू प्रश्नांवर लिहिणारा अध्यापक हीच सवय आपल्या लेखनातून वर्गात आणतो.