ब्रिटिश स्पीडवे लीगचा अख्खा सीझन कुणी फॉलो केलाय का? काय मजा असते त्यात?

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरपासून शिकायला इंग्लंडला चाललोय, तिथे स्पीडवे नावाची बाइक रेसिंगची लीग असते असं ऐकलं, कुणी पूर्ण सीझन बघितलाय का आणि वेळ घालवण्यासारखं आहे का. तर हो, बघितलाय. २०२१ चा, पीटरबरोला कामानिमित्त राहत होतो तेव्हा. फायनल सोडून, ते येतं पुढे.

आधी हे डोक्यातून काढा की ही मोटोजीपीसारखी काहीतरी चकचकीत भानगड आहे. तीनशे-साडेतीनशे मीटरचा लंबगोल ट्रॅक, त्यावर शेल म्हणजे बारीक खडीमातीचा थर, चार जण, चार लॅप, सगळं मिनिटभरात खल्लास. बाइक ५०० सीसी, गिअर एकच, पेट्रोल नाही मेथॅनॉल, आणि ब्रेक नाहीत. खराब नाहीत, बसवलेलेच नसतात. मला पण पहिल्यांदा वाटलं शेजारचा माणूस माझी फिरकी घेतोय. ट्रॅक कायम डावीकडे वळतो पण हँडल मात्र उजवीकडे फिरवलेलं, मागचं चाक बाहेर फेकलेलं आणि डावा पाय जमिनीवर घासत जातो, त्या बुटाखाली चक्क लोखंडी तळ असतो. चौघं एकाच वेळी असे आडवे होऊन पहिल्या वळणात घुसतात ना, तेव्हा पोटात गोळा येतो, पाचव्या मॅचला पण येतो.

आता लीग म्हणजे टीमचा खेळ. एका टीमचे सात जण, एका मॅचला पंधरा हीट (म्हणजे वर सांगितली तशी चार लॅपची एकेक रेस), प्रत्येक हीटला दोन घरचे दोन पाहुणे. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला भोपळा. म्हणजे हीटमध्ये सहा पॉइंट, मॅचमध्ये नव्वद, शेहेचाळीस झाले की जिंकलात. गंमत अशी की आपले दोघं पहिला-दुसरा आले की ५-१, आणि त्यासाठी पुढचा माणूस कधीकधी मुद्दाम रेषा सोडून बाहेर सरकतो, मागच्या जोडीदाराला आत जागा देतो, मान वळवून बघतो आला का हा. नव्वद-शंभरच्या स्पीडला, ब्रेक नसताना, मान वळवून. मला या खेळात सगळ्यात भारी हेच वाटतं.

तर २०२१. २०२० चा सीझन कोविडमुळे झालाच नव्हता, त्यामुळे लोक दीड वर्ष उपाशी. मे महिन्यात सुरू झालं, प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये, सहाच टीम उरलेल्या: बेल व्ह्यू, इप्सविच, किंग्ज लिन, शेफिल्ड, वुल्व्हरहॅम्प्टन आणि आमचं पीटरबरो पँथर्स. स्विंडनसारखी २०१९ ला चॅम्पियन झालेली टीम गायब, पूल (Poole) नावाची टीम एक डिव्हिजन खाली गेलेली. सुरुवातीला मोजकीच माणसं आत सोडायचे, जुलैनंतर मोकळं झालं.

आणि पँथर्सची टीम जाहीर झाली तेव्हा लोकांनी जाम टिंगल केली. स्कॉट निकल्स ४३ चा होत आलेला, ब्यार्ने पेडरसन त्याच वयाचा, हान्स अँडरसन आणि उल्रिक ऑस्टरगार्ड चाळीशीचे, क्रिस हॅरिस ३८. मायकल पाम टॉफ्ट त्यातल्या त्यात तरुण, आणि जॉर्डन पेलिन तर विशीच्याही आतला, कारण त्या वर्षीपासून प्रत्येक टीममध्ये एक तरुण ब्रिटिश पोरगा घ्यायचाच असा नियम आला. बाकी सगळी रिटायरमेंटची मंडळी! माझ्या घराशेजारचे आजोबा, जे मला पहिल्यांदा घेऊन गेले, ते स्वतः म्हणाले की यांना स्टार्टला ढकलायला माणूस लागेल.

पण या मंडळींचं बायोडेटा बघा. निकल्स सात वेळा ब्रिटिश चॅम्पियन. हॅरिसने २००७ ला कार्डिफची ग्रां प्री, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनशिपची एक फेरी, शेवटच्या लॅपला पुढच्याला गाठून मारलेली. अँडरसन तर २००६ ला पँथर्स चॅम्पियन झाले त्या टीममध्ये होता, पंधरा वर्षांनी त्याच ट्रॅकवर परत.

असे लोक एका टीममध्ये परवडतात कसे, तर इथे फुटबॉलसारखं पैसे ओतून सगळे स्टार घेता येत नाहीत. प्रत्येक रायडरचं मागच्या कामगिरीवरून अॅव्हरेज काढतात आणि सातही जणांची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊन चालत नाही. माझं मत असं की वय झालेल्या पण डोकं शाबूत असलेल्या रायडरचं अॅव्हरेज उतरलेलं असतं, अक्कल उतरलेली नसते, आणि पँथर्सने बरोबर तीच फट पकडली. इप्सविचने पण तीन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन जेसन क्रम्प ४५ व्या वर्षी बाइकवर बसवलाच होता, पण एक म्हातारा वेगळा आणि पाच म्हातारे वेगळे.

माझी पहिली रात्र सांगतो. मी हौसेने वळणाच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिलो, हातात चहा. पहिली हीट, स्टार्टची आडवी टेप वर गेली, चौघं आले आणि गेले, आणि माझ्या चहात खडी. शर्टावर, केसात, दातात. आजोबा लांब उभे राहून हसतायत, त्यांच्या चहाच्या कपावर झाकण. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या पॅडला लावलेलं प्रोग्रॅमचं पुस्तक दाखवलं, त्यात पंधरा हीटचे रकाने, प्रत्येक हीट झाली की पेनने नंबर भरायचे, टायमिंग लिहायचं. सगळं स्टँड हेच करतं! आठ-नऊ वर्षांच्या मुलीपासून काठीवाल्या आजीपर्यंत खाली माना घालून हिशोब, जणू वाण्याच्या दुकानात वही मांडतायत. घरच्यांची हेल्मेटं लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी, त्यामुळे नावं माहीत नसली तरी चालतं. मधे ट्रॅक्टर येऊन ट्रॅक सारखा करतो, तेवढ्यात गप्पा. घरी गेल्यावर कपड्यांना जो जळक्या तेलाचा वास येतो तो दोन धुण्यात जात नाही.

एक गोष्ट मला आजही पटलेली नाही, ती म्हणजे गेस्ट. तुमचा रायडर जखमी झाला की दुसऱ्या टीमचा रायडर एका रात्रीपुरता तुमचं जॅकेट घालून येतो, आणि पुढच्या आठवड्यात तोच तुमच्या विरुद्ध! आजोबांना यात काहीच वावगं वाटत नव्हतं. वर यातले बरेच जण पोलंड-स्वीडनच्या लीगमध्ये पण पळवतात, आठवडाभर नुसती विमानं आणि व्हॅन.

तर ही म्हाताऱ्यांची टीम पहिल्या चारात आली, प्लेऑफ काढला आणि ऑक्टोबरमध्ये फायनलला बेल व्ह्यूसमोर उभी राहिली. तिकडे डॅन बेवली, ब्रॅडी कर्ट्झ असली ताज्या दमाची पोरं. फायनल दोन मॅचची, एक त्यांच्या घरी एक आपल्या, दोन्हीची बेरीज. आणि मी अख्खा सीझन खडी खाऊन नेमका त्या आठवड्यात ऑफिसच्या रिलीजमध्ये अडकलो, रात्री कॉलवर बसून टेबलाखाली फोनवर स्कोअर रिफ्रेश करत होतो. पँथर्स जिंकले. १९९९, २००६ आणि आता २०२१, तिसऱ्यांदा चॅम्पियन. मी म्यूट करून ओरडलो, म्यूट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी दारात प्रोग्रॅम आणून दिला, पंधराही हीट भरलेल्या, अक्षर शेवटी शेवटी पार वाकडंतिकडं.

आता तुमच्यासाठी कामाचं. पीटरबरोला जाऊ नका, २०२३ नंतर तिथलं रेसिंग बंद झालं, त्या जागेवर बांधकामाचा प्लॅन आहे. वुल्व्हरहॅम्प्टनचं पण त्याच वर्षी संपलं. मँचेस्टरजवळ असाल तर बेल व्ह्यूचं नॅशनल स्पीडवे स्टेडियम बघा, खास याच खेळासाठी बांधलंय, २०१६ ला उघडलं. सीझन साधारण ऑक्टोबरला संपतो, म्हणजे सप्टेंबरला उतरलात की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच जा, पाऊस आला तर मॅच रद्द होते म्हणून निघायच्या आधी चेक करा. पांढरा शर्ट नको. आणि चहाला झाकण मागून घ्या.