जुन्या एमटीबीची (माउंटन बाइकची) लांबच्या प्रवासाची टूरिंग सायकल करता येईल का? (इंदूरहून महेश्वर, मांडू)

होईल, आणि मस्त होईल. नवी घ्यायच्या आधी हे नक्की करून बघा. तुम्ही लिहिलंय की १५ वर्षं जुनी, स्टील फ्रेमची, पुढे शॉकअप नसलेली २६ इंची एमटीबी पडून आहे, व्ही-ब्रेक (लांब दांड्यांनी दोन्ही बाजूंनी रिम दाबणारे) आहेत आणि तिला ड्रॉप हॅन्डल (रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं) लावून महेश्वर-मांडू करायचंय. बाकी सगळं करा, ड्रॉप हॅन्डल तेवढं सोडा. व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढणारा लिव्हर लागतो, रोड बाइकचे साधे लिव्हर तेवढी ओढत नाहीत, शिवाय ड्रॉपची नळी २३.८ मिमी आणि तुमचे गिअर-ब्रेकचे लिव्हर २२.२ च्या नळीचे, म्हणजे सगळंच बदलत बसा. हात अवघडतात म्हणून हवं असेल तर बटरफ्लाय हॅन्डल (फुलपाखराच्या आकारात वळवलेलं) घ्या, जुने लिव्हर त्यावर तसेच बसतात आणि हात धरायला तीन-चार जागा मिळतात.

वाचलेले पैसे मागच्या चाकावर घाला, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. सगळं सामान त्याच चाकावर येतं. तुमचं आट्यांवर फिरवून बसवायचं ७ गिअरचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) असेल तर त्या बाजूचे छर्रे एक्सलच्या टोकापासून बरेच आत असतात, मग वजन आणि खड्डे मिळून एक्सल वाकतो, कधी मोडतोसुद्धा. कॅसेटवाला हब (चाकाचा मधला भाग, यात छर्रे एक्सलच्या टोकाजवळ असतात) आणि ३६ स्पोक घ्या, आणि नुसता आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून थांबू नका, सगळे स्पोक सारखे ताणून देणारा मेकॅनिक शोधा, थोडे जास्त पैसे मागितले तरी द्या.

टायर जाड नक्षीचे काढून गुळगुळीत १.५ किंवा १.७५ इंची टाका. विकत घेताना टायरवर ५५९ आकडा (रिमचा मिमीतला व्यास) बघा, कारण २६ x १ ३/८ वाला पण दुकानात २६ म्हणूनच मिळतो, तो ५९० च्या रिमचा असतो, तुमच्या रिमवर बसणार नाही.

गिअरला हात लावू नका. आपण माळव्याच्या पठारावर, महेश्वर नर्मदेकाठी खाली, त्यामुळे जाताना मानपूरच्या पुढचा घाट मजेत उतरतो आणि परत येताना तोच भरल्या बॅगांसकट चढायचा असतो. पुढच्या चकतीला २४ दात, मागच्या चकतीला २८ असले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण फेराही घेत नाही, तेव्हा हेच कामी येतं. उतारासाठी ब्रेकचे रबर आणि वायर मात्र नव्या टाका. आणि थेट महेश्वरला निघू नका, आधी सामान लादून जवळच्या जानापाव डोंगराचा चढ करून बघा, काय ढिलं आहे ते तिथेच कळेल.

राहिलं कॅरियर. मागच्या एक्सलजवळ फ्रेमला बोल्टचं भोक आहे का ते बघा, असेल तर ५ मिमीचा बोल्ट लागतो, नसेल तर नळीवर क्लॅम्प लावून काम होतं. पायडल मारताना टाच बॅगेला लागत असेल तर बॅगा थोड्या मागे सरकवा.